डिसेंबरच्या मुलांचा जाहीरनामा

आम्ही कोल्हापूर, सांगली, पुणे आणि मुंबईच्या मैदानांवर मुलांना फुटबॉल शिकवणारे सर आहोत, शाळांचे क्रीडाशिक्षक आहोत, पोरांना दुचाकीच्या मागे बसवून सरावाला पोहोचवणारे आईबाप आहोत. आमच्यातले काही जण कधीकाळी भिंतीवरच्या यादीत आपले नाव शोधून मुकाट घरी गेलेले खेळाडू आहेत. या चळवळीला अजून नाव नाही. नावावरून भांडत बसायचे नाही, एवढे मात्र पहिल्याच बैठकीत एकमताने ठरले. फुटबॉलच्या बाबतीत कोल्हापूरकरांचे एकमत होणे ही तशी बातमीच आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. दहा-बारा वर्षांच्या पोरांची निवड करताना आपण खेळ पारखतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बऱ्याचदा आपण जन्माचा महिना निवडतो, आणि आणखी दोन वर्षांनी मिसरूड निवडतो. मग त्या निवडीवर ‘अ संघ’ आणि ‘ब संघ’ अशा पाट्या लावतो, आणि पुढचे काम त्या पाट्याच करतात. हे थांबवता येते आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही, म्हणून आम्ही एकत्र आलो आहोत.

वयोगटाची रेषा कुठेतरी ओढावीच लागते. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आपल्याकडे ती १ जानेवारीला आहे. त्या दिवशी जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जन्मलेला मुलगा कागदावर एकाच वयाचे. दहाव्या वर्षी हे अंतर म्हणजे धाकट्याच्या आयुष्याचा दहावा हिस्सा. थोरला एक पावसाळा जास्त चिखलात खेळलेला असतो, त्याचे एक उन्हाळी शिबिर जास्त झालेले असते, पायात ताकद आलेली असते, आणि चेंडू घेण्याआधी मान वर करून बघण्याइतका तो शहाणाही झालेला असतो. ही शेवटची गोष्ट आपण वहीत ‘गेम सेन्स उत्तम’ म्हणून लिहून ठेवतो.

आपल्या वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला यायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकलेली असे. त्या पिढीत जानेवारीचा कोण आणि डिसेंबरचा कोण हे शोधू जावे, तर सगळेच वर्षाच्या मधोमध उभे! आता बहुतेक मुलांची जन्मनोंद दवाखान्यातूनच होते, त्यामुळे हा हिशेब आपल्याला पहिल्यांदाच नीट मांडता येईल. मांडायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

शालेय स्पर्धांत मामला आणखी अवघड. १४ वर्षांखालचा गट संपला की पुढचा गट थेट १७ वर्षांखालचा. त्यात तीन जन्मवर्षांची मुले एकत्र येतात. आठवी-नववीतला डिसेंबरचा पोरगा अकरावीतल्या जानेवारीच्या पोराला खांदा देतो, दोघांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर असते, आणि प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडतो, ‘अरे, घाबरतोस काय?’ तो घाबरतो, आणि त्याचे बरोबरच आहे.

वरच्या पातळीवरही रेषा अशीच कापते. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा ती १ जानेवारी २००० ला होती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता, आणि ते दिवस आम्ही टीव्हीपुढे घसा बसवून घेण्यात घालवले. पण पुढची स्पर्धा दोन वर्षांनी, १ जानेवारी २००२ च्या रेषेवर होती. म्हणजे २००१ साली जन्मलेल्या मुलांना आपल्या वयाचा असा विश्वचषक आलाच नाही. वर्षभर थोरल्यांना मागे सारूनच त्यांना जागा मिळवावी लागली. भारताचा कर्णधार अमरजित सिंग कियाम २००१ चाच, हे खरे. त्याचा जन्म जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला, हेही खरे. २०२५ पासून फिफाने ही स्पर्धा दरवर्षी घ्यायला सुरुवात केली, तेवढी एक गैरसोय कमी झाली.

हे सगळे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. कॅनडातल्या रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून दाखवल्या. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटी शुकशुकाट. फुटबॉलबद्दल १९९४ साली ‘नेचर’मध्ये इंग्लंडच्या खेळाडूंचा तसाच हिशेब छापून आला. त्यानंतर देशोदेशीच्या अकादम्यांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसले आहे.

तरीही ‘मग रेषेची तारीख बदला’ अशी मागणी आम्ही करणार नाही. ही मागणी सर्वांत आधी सुचते आणि ती निरुपयोगी आहे. बेल्जियमने १९९७ साली आपली रेषा १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. संशोधक वेर्नर हेल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर निवडींची तपासणी केली, तेव्हा असे दिसले की आधी ऑगस्टपासूनच्या महिन्यांत जन्मलेली मुले भराभर निवडली जात होती, आणि आता जानेवारीपासूनच्या महिन्यांतली निवडली जाऊ लागली. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बेल्जियन पोरांची प्रतिभा त्या एका हंगामात आटली असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणावे. अमेरिकेने रेषा १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणून २०१७ पासून सक्तीची केली. त्यामुळे एकाच वर्गातली मुले दोन संघांत विभागली गेली, आईबाप वैतागले, आणि आता २०२६-२७ च्या हंगामापासून तिथल्या मोठ्या युवा संघटना परत १ ऑगस्टला निघाल्या आहेत. न्यू जर्सीतल्या आपल्या भाचरांना यामुळे वर्गातले मित्र संघातही मिळतील, ही चांगलीच गोष्ट. पण तोटा फक्त एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाईल. उद्या जुलैची मुले मागे पडतील.

खरे नुकसान रेषेने होत नाही, तिच्यानंतर आपण जे करतो त्याने होते. म्हणून निवडचाचणीकडे बघू या, कारण सगळ्या गोष्टी तिथेच ठरतात. सकाळी सात वाजता मैदानावर दीडदोनशे मुले. सर तीन, चेंडू अपुरे. प्रत्येकाच्या वाट्याला खेळाची जेमतेम वीस मिनिटे. एवढ्या वेळात नजरेत काय भरते? जो लांब मारतो, जो धावत सुटला की मागे वळून बघावे लागत नाही, ज्याच्या धक्क्याने समोरचा बाजूला होतो. छोट्या जागेत दोन स्पर्शांत चेंडू काढून देणारा बारका पोरगा वीस मिनिटांत दिसत नाही. तो दिसायला तीन आठवडे लागतात. आपल्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांतही उंची, वजन, उभी उडी, ३० मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर अशाच गोष्टी मोजल्या जातात. मोजायला सोप्या म्हणून त्या मोजल्या जातात, हे आम्हाला कळते. पण वाढीच्या वयात यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट शरीर किती पुढे गेले आहे त्यावर ठरते.

मग पाट्या लागतात. अ संघाला अनुभवी सर, संध्याकाळचा टर्फ, बाहेरगावच्या स्पर्धा, नवे किट. ब संघाला उरलेली वेळ, उरलेले चेंडू आणि बारावीनंतर मोकळा असलेला कोणीतरी दादा. वर्षभराने दोघांची तुलना केली की अ संघ अर्थातच पुढे असतो, आणि आपण म्हणतो, बघा, आपली निवड बरोबर होती. जून ते मार्च आपण स्वतःच तो फरक वाढवलेला असतो. अंगापिंडाने मोठा तो स्टॉपर नाहीतर गोली, बारीक तो विंगर, या वाटण्याही अकराव्या वर्षीच होऊन जातात. पंधराव्या वर्षी त्या स्टॉपरची उंची तिथेच थांबली, तर त्याला ना त्या जागेची उंची असते ना दुसऱ्या जागेचा खेळ.

म्हणून हा जाहीरनामा जानेवारीच्या मुलांच्या विरोधात नाही. त्यांचेही नुकसान होते, फक्त ते उशिरा कळते. बाराव्या वर्षी नुसत्या ताकदीवर गोल होत असतील तर डावा पाय शिकायची गरज कोणाला वाटते? सोळाव्या वर्षी बाकीचे उंचीत गाठतात, आणि मग हा ‘वाया गेलेला हिरो’ म्हणून पेठेत चर्चेचा विषय होतो.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे. जन्माचा महिना आणि वयात येण्याचा वेग या दोन निराळ्या बाबी आहेत. डिसेंबरचा एखादा मुलगा बाराव्या वर्षीच ताडमाड होतो, आणि जानेवारीचा एखादा पंधराव्या वर्षापर्यंत बारकाच राहतो. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण तेरा-चौदाव्या वर्षी. मुलींची त्याच्या दीडदोन वर्षे आधी. एकाच जन्मवर्षाच्या दोन मुलांच्या शारीरिक वयात चार-पाच वर्षांचाही फरक असू शकतो. उशिरा वाढणाऱ्यांत जो डिसेंबरचाही आहे, त्याच्यावर दोन्हीकडून मार बसतो. आमचे पहिले लक्ष त्या मुलाकडे आहे.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हाला पाठ आहेत, कारण बैठकीत ते आमच्याच लोकांनी घेतले.

पहिला आक्षेप: बायचुंग भुतिया १५ डिसेंबरचा. तो १९९२ च्या सुब्रतो कपात सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालला गेला. त्याला कुठे रेषा आडवी आली? नाही आली. हॅरी केन २८ जुलैचा, इंग्लंडची रेषा १ सप्टेंबरची, म्हणजे तो आपल्या वर्गातल्या धाकट्यांपैकी. लहान असतानाच आर्सेनलने त्याला सोडून दिले, आणि तोही थांबला नाही. जर्मनीतल्या एका अभ्यासात तर व्यावसायिक खेळाडूंमध्ये वयोगटाच्या वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांना पगार जास्त मिळतो असे दिसले. रोज थोरल्यांशी झुंजून जो टिकला तो चिवट आणि हुशार होतो, यात आम्हाला शंका नाही. पण हा दाखला टिकलेल्यांचा आहे. जे बाराव्या वर्षी बूट माळ्यावर टाकून मोकळे झाले, त्यांचा पगार कोणत्या यादीत मोजायचा? आणि धाकट्यांनी झुंजून शहाणे व्हावे हे पटत असेल, तर थोरल्यांनाही अधूनमधून वरच्या गटात झुंजायला पाठवा. तेवढा न्याय दोघांनाही द्या.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: साहेब, इथे अर्धी मुले खोट्या दाखल्यावर खेळतात आणि तुम्ही महिन्यांच्या गोष्टी करता! बरोबर. वयचोरी ही आपल्या मैदानावरची जुनी कीड आहे, आणि ती आहे तोवर खऱ्या डिसेंबरच्या मुलासमोर कागदावरचा डिसेंबरचा, दोन वर्षांनी थोरला मुलगा उभा राहणार. ती वाढते याच कारणाने की लहान वयात जिंकण्याला आपण भलतेच मोल दिले आहे. बारा वर्षांखालचा करंडक कोणाच्याही आयुष्यात काही ठरवत नसेल, तर खोटा दाखला काढायला तालुक्याला कोण जाईल? भारतीय फुटबॉल महासंघ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय बघतो, फिफा २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय करते. चोर पकडायला हे ठीक. फक्त हाड जन्मतारीख सांगत नाही, वाढ किती झाली ते सांगते, आणि लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगा त्यात अडकू शकतो, हे विसरू नये. आमच्या कामासाठी मुलांचे एक्स-रे काढायला आमचा विरोध आहे.

आता आम्ही काय करणार ते. मागण्या नंतर, आधी आमच्या हातातले.

आमच्या निवडचाचण्यांत छातीवरचे आकडे वयाच्या क्रमाने दिले जातील. सर्वांत थोरल्याला १, सर्वांत धाकट्याला शेवटचा आकडा. हे आम्ही नेदरलँड्सकडून उचलले. तिथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी निवडकर्त्यांना खेळ दाखवला गेला. जन्मतारखांचा कागद हातात दिला तरी ते थोरल्यांनाच झुकते माप देत राहिले. शर्टांवरचे आकडे वयाच्या क्रमाने आहेत असे सांगून तोच खेळ दाखवला, तेव्हा तो झुकाव नाहीसा झाला. कागदावरची तारीख बघणारा विसरतो, छातीवरचा आकडा विसरता येत नाही. याला खर्च किती? जाळीच्या बिब्स आपल्याकडे आहेतच, फक्त वाटायचा क्रम बदलायचा.

बारा वर्षांखाली आम्ही कायमचे अ आणि ब संघ ठेवणार नाही. संघ दर सहा-आठ आठवड्यांनी मोडून पुन्हा बांधले जातील. कधी खेळाच्या जोरावर, कधी उंचीनुसार, कधी चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक मुलगा आणि मुलगी सामन्याचा किमान अर्धा वेळ मैदानावर असेल. सर सगळ्या गटांत फिरतील, आणि टर्फची चांगली वेळ पाळीपाळीने वाटली जाईल. नॉर्वेत अकराव्या वर्षापर्यंत मुलांच्या स्पर्धांना गुणतक्ताच नसतो. जर्मनीने २०२४-२५ पासून लहान गटांत तीन-तीन मुलांचे, छोट्या गोलांचे सामने सक्तीचे केले, म्हणजे चेंडू सगळ्यांच्या पायाला लागतो. हे दोन्ही देश फुटबॉल हरायला बसलेले नाहीत.

बारा वर्षांपुढे संघ वेगळे करावेच लागतात, ते आम्हाला मान्य आहे. आणि इथे आमच्यापैकी काही पालकांना न आवडणारी गोष्ट सांगतो: अ संघाच्या बाकावर बसलेल्या मुलापेक्षा ब संघात पूर्ण पन्नास मिनिटे खेळणारा मुलगा जास्त शिकतो. तेव्हा डिसेंबरच्या मुलाला अ संघात कोंबा असा आमचा हट्ट नाही. ब संघाला सर, सामने आणि वर जायचा रस्ता द्या, एवढाच हट्ट आहे. वर्षातून दोनदा अदलाबदल झालीच पाहिजे, आणि ती का झाली किंवा का नाही झाली, हे त्या मुलाला समोर बसवून सांगितले पाहिजे. यादी भिंतीवर डकवून निघून जायची पद्धत आम्ही बंद करत आहोत.

महिन्यातून एक दिवस शरीराच्या वाढीनुसार गट करून सामने होतील. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने २०१५ साली हा प्रयोग केला: पूर्ण वाढ झाल्यावर मुलाची उंची किती होईल याचा अंदाज घ्यायचा, त्यातली किती टक्के आज झाली आहे ते बघायचे, आणि सारख्या टक्क्यांच्या मुलांना एकत्र खेळवायचे. त्याला मुलाची उंची, वजन, वय आणि आईवडिलांची उंची पुरते. मोजपट्टी आणि वजनकाटा प्रत्येक शाळेत आहे. लवकर वाढलेल्याला त्या दिवशी धक्का देऊन सुटता येत नाही, डोके वापरावे लागते. बारक्याला पहिल्यांदाच चेंडू पायात ठेवून वर बघायला वेळ मिळतो. हा एक दिवसच असावा, रोजची पद्धत होऊ नये, असे आमचे मत आहे. वर्गमित्रांबरोबर खेळण्याचीही मजा असते.

जिल्हा आणि राज्य संघटनांकडे आमची एकच मोठी मागणी आहे: निवडीचा दुसरा दरवाजा. बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी किशोर गटांत वेगळे राष्ट्रीय संघ चालवले, आजचा सामना जिंकून देणाऱ्यांच्या जोडीला उद्याचे खेळाडू सांभाळायचे म्हणून. महाराष्ट्रात याची गरज जास्त आहे, आणि तिचे कारण आपले खास आहे: दहावी. तेराव्या वर्षी वगळलेल्या मुलाला आपण म्हणतो, ‘थांब बाळा, उंची वाढू दे, पुढच्या वेळी बघू.’ त्याची उंची पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाढते. तेव्हा घरात क्लासचे वेळापत्रक भिंतीवर लागलेले असते आणि फुटबॉलचा विषय काढायची सोय नसते. अ संघातल्या मुलासाठी निदान कोणीतरी घरी येऊन शब्द टाकतो. म्हणून दहावीची परीक्षा संपल्यानंतरच्या एप्रिल-मे महिन्यांत, आधी कधीही निवड न झालेल्या मुलामुलींसाठीच खुली चाचणी घ्या. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या संघांची लढत बघायला जेवढी गर्दी लोटते, तिच्यातला एक कोपरा भरेल इतकी मुले आम्ही गोळा करून देतो. पेठांतल्या तालमींनीही आपापल्या संघासाठी अशी एक चाचणी घ्यावी. ईर्षेला आणखी एक विषय मिळेल.

पालकांनो, तुमच्याकडेही मागणे आहे. मुलाचा दाखला बदलायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. दुसऱ्याच्या मुलाची उंची बघून सरांना रात्री अकरा वाजता मेसेज करू नका. आणि मुलगा जानेवारीचा असेल, सगळ्या सामन्यांत गोल करत असेल, तर सरांना एकदा तुम्हीच विचारा: याला वरच्या गटात कधी खेळवता?

सुरुवात येत्या हंगामापासून. ज्या शाळेला, अकादमीला, तालमीला आमच्यात यायचे आहे, त्यांनी आधी आपल्या अ संघाची यादी घ्यावी आणि चार रकाने आखावेत: जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर. नावे वगळून फक्त आकडे भरावेत, शेजारी ब संघाचे तसेच आकडे लिहावेत, आणि तो कागद कार्यालयाबाहेर लावावा. यादी छोटी असेल तर एका वर्षाच्या आकड्यांवरून कोणाला धारेवर धरू नये; तीन वर्षांचे एकत्र करून बघावेत. तीन हंगामांनंतर आम्ही सगळ्यांचे कागद एका टेबलावर ठेवू. शेवटचा रकाना तरीही रिकामाच दिसला, तर आमच्या या पद्धतींतली कोणती चालली नाही ते नावानिशी छापू आणि ती काढून टाकू.